मौनाची अडचण : नॉर्मन यांच्या युनिक्स-टीकेचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षातील प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याची युनिक्स किंवा लिनक्स या कार्यप्रणालीशी गाठ पडते ती एका रिकाम्या पडद्यावर. तेथे चित्रे नसतात, यादी नसते. लुकलुकणारा एक प्रॉम्प्ट तेवढा असतो. एखाद्या फाइलची नक्कल करण्यासाठी तो 'सीपी' ही आज्ञा देतो. आज्ञा बिनचूक असेल तर पडद्यावर काहीही उमटत नाही. प्रॉम्प्ट फक्त पुन्हा दिसू लागतो. नक्कल झाली की नाही, झाली असल्यास कोणत्या डिरेक्टरीत झाली, याचा बोध त्याला होत नाही. म्हणून तो तीच आज्ञा पुन्हा देतो. याही वेळी काही उमटत नाही. मात्र दरम्यान त्याने नकलेत काही दुरुस्त्या केल्या असतील तर त्या या दुसऱ्या आज्ञेने पुसल्या जातात, आणि तेही नि:शब्दपणे.

कमांड लाइनवर चालणारी कार्यप्रणाली नवशिक्यांना सुलभ कशी करावी, हा प्रश्न संगणक-शिक्षणात नवा नाही. त्याची सर्वांत गाजलेली मांडणी १९८१ मध्ये झाली. 'डेटामेशन' या अमेरिकी नियतकालिकाच्या नोव्हेंबर १९८१ च्या अंकात डोनाल्ड नॉर्मन यांनी युनिक्सच्या अडचणीविषयी एक लेख लिहिला. नॉर्मन हे त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेत मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. मानवी स्मृती, अवधान आणि चुका यांच्या अभ्यासकाने एका कार्यप्रणालीची समीक्षा करावी, हेच त्या काळी नवलाचे होते. पुढे १९८८ मध्ये दैनंदिन वापराच्या वस्तूंच्या रचनेवरील त्यांचे पुस्तक जगभर वाचले गेले. त्या विचारांची पूर्वखूण या लेखात दिसते.

प्रस्तुत लेखात नॉर्मन यांच्या या टीकेचे परीक्षण केले आहे. त्यांचे कोणते आक्षेप काळाच्या कसोटीवर टिकले, कोणते टिकले नाहीत, आणि गेल्या चार दशकांत योजलेल्या उपायांनी त्यांतील नेमका कोणता आक्षेप दूर केला, हे तपासणे हा या परीक्षणाचा हेतू आहे. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या चर्चेचे काय मोल आहे, याचाही शेवटी विचार केला आहे.

टीकेचे स्वरूप

नॉर्मन यांनी युनिक्सची अंतर्गत रचना नाकारलेली नाही. उलट, त्या रचनेच्या सौष्ठवाचा त्यांनी आदरानेच उल्लेख केला आहे. त्यांचा रोख वापरकर्त्याच्या समोर येणाऱ्या भागावर आहे. त्यांच्या आक्षेपांची दोन गटांत विभागणी करता येते.

पहिला गट नावांचा. युनिक्समधील आज्ञांची नावे कोणत्याही एका नियमाने बनलेली नाहीत. कॉपी या शब्दाचे 'सीपी' होते, मूव्हचे 'एमव्ही', रिमूव्हचे 'आरएम'. परंतु डेट आणि एको हे शब्द पूर्णच राहतात. फाइलमधील मजकूर वाचण्यासाठी ज्या 'कॅट' आज्ञेचा सर्रास उपयोग होतो तिचे मूळ काम अनेक फाइली एकामागून एक जोडणे हे आहे. नावही त्या मूळ कामावरूनच पडले आहे. 'ग्रेप' हे शोधाच्या आज्ञेचे नाव तर 'ईडी' या जुन्या संपादकातील एका सूत्रातील अक्षरांपासून तयार झाले आहे. ते सूत्र ज्याला ठाऊक नाही त्याला या नावातून कोणताही अर्थबोध होत नाही.

दुसरा गट मौनाचा. युनिक्स ही स्वत:ला वापरकर्त्यापासून झाकून घेणारी, अबोल प्रणाली आहे, असे नॉर्मन यांचे प्रतिपादन आहे. काम यशस्वी झाले तर ती बोलत नाही. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे ती सांगत नाही. 'ईडी' संपादक हे याचे टोकाचे उदाहरण म्हणता येईल. कोणतीही चूक झाली तरी तो केवळ एक प्रश्नचिन्ह उमटवतो. चूक शब्दाची आहे, ओळीच्या क्रमांकाची आहे की फाइलच्या नावाची, हे वापरकर्त्याने स्वत:च ओळखायचे.

या निदानावरून नॉर्मन यांनी तीन सूत्रे मांडली : रचनेत सुसंगती असावी, प्रणाली कशी चालते याचे स्पष्ट प्रतिमान वापरकर्त्याच्या हाती द्यावे आणि स्मरणाला आधार पुरवावा. याच अंकात बेल प्रयोगशाळेचे मायकेल लेस्क यांचे युनिक्सच्या बाजूचे प्रत्युत्तरही छापले गेले. त्यामुळे या वादाच्या दोन्ही बाजू वाचकांसमोर एकाच वेळी आल्या.

नावांचा प्रश्न

नॉर्मन यांच्या लेखातील नावांची यादी वाचकाच्या मनात सहज ठसते. ती विनोदी वाटते आणि उद्धृत करायला सोयीची आहे. म्हणूनच पुढील काळात या लेखाची आठवण बहुधा त्या यादीमुळे राहिली. परंतु ही नावे अशी का झाली, हे समजून घेतल्यास त्यांच्यामागे केवळ लहर होती असे म्हणता येत नाही. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत युनिक्सच्या कामास प्रारंभ केला. आरंभीच्या वर्षांत संगणकाशी संवाद होत असे तो टेलिटाइपच्या मॉडेल ३३ सारख्या यंत्रांवरून. हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे कागदावर उमटवीत असे आणि त्याच्या कळा दाबायला जड होत्या. अशा यंत्रावर दिवसभर काम करणाऱ्याला दोन अक्षरांची आज्ञा ही सोय होती. यंत्र गेले, सोयीचे कारण संपले. नावे मात्र राहिली.

ही नावे नवशिक्याच्या वाटेतील मुख्य धोंड आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने शोधण्याचा प्रयत्न लवकरच झाला. लांडॉवर, गॅलोटी आणि हार्टवेल यांनी १९८३ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ दि एसीएम' या नियतकालिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाशी अपरिचित अशा टंकलेखकांना त्यांनी मजकूर-संपादनाच्या मोजक्या आज्ञा शिकविल्या. काहींना प्रचलित नावे दिली, काहींना टंकलेखकांच्या नेहमीच्या बोलण्यातील नैसर्गिक शब्द दिले, तर काहींना कामाशी मुळीच संबंध नसलेले शब्द दिले. प्रारंभिक शिक्षणात या गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

१९८७ मध्ये फर्नास, लांडॉवर आणि त्यांचे सहकारी यांनी याच नियतकालिकात शब्दनिवडीच्या प्रश्नाची अधिक व्यापक मांडणी केली. एकाच गोष्टीसाठी दोन व्यक्तींनी आपणहून एकच शब्द निवडण्याची शक्यता वीस टक्क्यांहून कमी असते, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाची प्रचिती मराठीतही येते. फाइल नाहीशी करण्याच्या क्रियेला काढणे म्हणावे, पुसणे म्हणावे, मिटवणे म्हणावे, हटवणे म्हणावे की वगळणे म्हणावे? दहा विद्यार्थ्यांना विचारल्यास एकच उत्तर येणार नाही. याचा अर्थ असा की, सर्वांना 'स्वाभाविक' वाटेल असे एकमेव नाव अस्तित्वातच नसते. नाव कोणतेही ठेवले तरी बहुसंख्यांना ते शिकावेच लागते.

या अभ्यासांचे संशोधक बेल परिवारातीलच होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. युनिक्सच्या जन्मघरातून आलेला हा पुरावा म्हणून सावधपणे वाचावा लागतो. तसेच प्रयोगातील मोजक्या आज्ञा आणि एका संपूर्ण कार्यप्रणालीतील शेकडो आज्ञा यांची तुलना सरसकट करता येणार नाही. शेकडो नावे लक्षात ठेवायची असतील तर नियमबद्धता उपयोगी पडते, हा नॉर्मन यांचा मुद्दा या प्रयोगांनी खोडला जात नाही. एकाच नावाखाली दोन वेगळी कामे दडली असतील तर नवशिक्या गोंधळतो, हेही खरे. गिट या प्रणालीतील 'चेकआउट' ही आज्ञा शाखा बदलणे आणि फाइल पूर्ववत करणे अशी दोन्ही कामे करीत असे. २०१९ मध्ये त्या दोन कामांसाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन स्वतंत्र आज्ञा देण्यात आल्या. सुसंगतीचा आग्रह योग्य आहे; परंतु दोन अक्षरांचे नाव दुर्बोध आहे म्हणून प्रणाली दुर्गम झाली, हे अनुमान मात्र टिकत नाही. 'सीपी' म्हणजे नक्कल, हे विद्यार्थी एका तासात शिकतो. नक्कल झाली की नाही, हे त्याला महिनाभरानेही पडद्यावरून कळत नाही.

मौनाची कारणमीमांसा

मौनाच्या आक्षेपाकडे वळताना युनिक्सच्या बाजूने जे म्हणता येते ते आधी ऐकले पाहिजे, कारण नॉर्मन यांनी त्याला पुरेसा न्याय दिलेला नाही. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून युनिक्समध्ये पाइपची सोय आली. एका आज्ञेतून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसऱ्या आज्ञेला पुरविता येऊ लागला. लहान लहान आज्ञा एकमेकींना जोडून मोठे काम करावे, हे युनिक्सचे वैशिष्ट्य येथूनच दृढ झाले. पहिली आज्ञा 'काम सुरू करीत आहे', 'काम पूर्ण झाले' असे बोलू लागली तर ते बोलणेही दुसऱ्या आज्ञेला माहिती म्हणून मिळेल आणि हिशेब बिघडेल. माणसाला जो शिष्टाचार वाटतो तो पुढच्या आज्ञेच्या दृष्टीने कचरा ठरतो. मौनामागील हे कारण सबळ आहे.

परंतु या कारणाने मौनाचे पूर्ण समर्थन होते काय? होत नाही. युनिक्समध्ये निष्पत्तीचा मजकूर आणि चुकीचे संदेश यांसाठी दोन वेगळ्या वाटा १९७० च्या दशकातच उपलब्ध झाल्या होत्या. दुसऱ्या वाटेने गेलेला मजकूर पाइपमध्ये शिरत नाही. शिवाय आपली निष्पत्ती पडद्यावर जात आहे की पाइपमध्ये, हे आज्ञेला तपासता येते. 'एलएस' ही आज्ञा आज नेमके हेच करते : पडद्यावर नावे स्तंभांत मांडते आणि पाइपमध्ये एका ओळीत एक याप्रमाणे पाठविते. समोर माणूस आहे की आज्ञा, हे यंत्राला कळू शकते. तरीही माणसाशी ते आज्ञेशी वागावे तसेच वागत राहिले, ही खरी उणीव आहे. ग्नू प्रकल्पाच्या 'सीपी' आज्ञेला काय केले ते सांगण्याचा पर्याय जोडता येतो. म्हणजे बोलण्याची सोय आहे. मात्र ती मागावी लागते, आणि ती कशी मागावी हे नवशिक्याला ठाऊक नसते.

मौनाचे दुसरे कारण अधिक खोल आहे. विद्यार्थी सर्व फाइली काढून टाकण्यासाठी 'आरएम' या आज्ञेपुढे तारकाचिन्ह लिहितो. तेव्हा ते तारकाचिन्ह 'आरएम'पर्यंत पोहोचतच नाही. शेल आधीच त्याचा विस्तार करून डिरेक्टरीतील सर्व फाइलींची नावे 'आरएम'ला देतो. विद्यार्थ्याने प्रत्येक नाव विचारपूर्वक लिहिले की एका चिन्हाने सारे आवरले, हे 'आरएम'ला कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच तारकाचिन्ह आणि फाइलच्या प्रकाराचा प्रत्यय यांमध्ये चुकून एक मोकळी जागा पडली तरी सगळी डिरेक्टरी रिकामी होते. एमएस-डॉस या प्रणालीत अशी चिन्हे आज्ञेकडे जशीच्या तशी जात. त्यामुळे सर्व फाइली काढण्याची आज्ञा दिल्यावर डॉस 'खात्री आहे काय' असे विचारू शके. फाइलची नक्कल झाल्यावर किती फाइली उतरल्या, हेही डॉस एका ओळीत सांगत असे. रचनेच्या दृष्टीने युनिक्सहून कितीतरी साधी असलेली ही प्रणाली या दोन बाबतींत नवशिक्याशी अधिक माणुसकीने वागत होती.

युनिक्सला हे अशक्य नव्हते, याचा पुरावा पुढील काळात मिळाला. झेड शेलमध्ये 'आरएम'पुढे एकटे तारकाचिन्ह दिसताच शेल स्वत:च थांबून विचारतो, कारण विस्तार करणारा तोच असतो. जेथे माहिती आहे तेथेच प्रश्न विचारला गेला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व आहे.

उपायांचे मूल्यमापन

नवशिक्यांसाठी कमांड लाइन सुलभ करण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार झाकण्याचा. १९८८ च्या एमएस-डॉस ४ मध्ये आज्ञांऐवजी यादीतून निवड करता यावी म्हणून डॉस शेल देण्यात आला. चित्रमय डेस्कटॉप हे याच वाटेवरील पुढचे पाऊल होय. या उपायाने असंख्य लोकांना संगणक वापरता आला, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याला कमांड लाइनच शिकायची आहे त्याच्यासाठी हा उपाय नाही. तो वळणरस्ता आहे. यादीत नसलेले काम पुढे आले की विद्यार्थी पुन्हा त्याच रिकाम्या पडद्यासमोर येऊन उभा राहतो, आणि तो पडदा पूर्वीइतकाच अबोल असतो.

दुसरा प्रकार नावे बदलण्याचा. लिनक्सवर डॉसमधील 'डीआयआर' चालावे, किंवा 'आरएम' म्हटल्यावर प्रत्येक वेळी विचारणा व्हावी, अशी पर्यायी नावे योजली जातात. यांतील दुसरी योजना सद्हेतूने केलेली असली तरी ती घातक ठरू शकते. प्रत्येक फाइलला विचारणा झाली की हाताला 'होय' दाबण्याची सवय जडते आणि विचारणेचा हेतूच हरपतो. त्याहून गंभीर म्हणजे 'आरएम' विचारतो हे गृहीत धरून विद्यार्थी अन्य यंत्रावर काम करायला बसतो. तेथे ते पर्यायी नाव नसते आणि आज्ञा तत्काळ अमलात येते. ज्या आधारावर विसंबण्याची सवय लावली तोच नेमक्या वेळी नाहीसा होतो. ग्नूच्या 'आरएम'मध्ये तीनहून अधिक फाइली असतील तर एकदाच विचारण्याचा पर्याय आहे; तो अधिक समंजस आहे, परंतु तोही मागावाच लागतो.

तिसरा प्रकार प्रणालीला बोलते करण्याचा. हा सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत फलदायी प्रकार आहे. त्याची मुळे युनिक्सच्या बाहेर सापडतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या टॉप्स-२० या प्रणालीत १९७० च्या दशकातच आज्ञा अर्धवट लिहून प्रश्नचिन्ह दाबले की पुढे काय लिहिता येईल याची यादी मिळत असे. येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. 'ईडी'मध्ये प्रश्नचिन्ह यंत्र माणसासमोर टाकते. टॉप्स-२० मध्ये माणूस ते यंत्रासमोर टाकतो आणि उत्तर मिळवितो. एकाच चिन्हाच्या दिशेत दोन प्रणालींची वृत्ती व्यक्त झाली आहे.

लिनक्सच्या जगात ही वृत्ती हळूहळू रुजली. उबंटूमध्ये नसलेली आज्ञा दिल्यास ती कोणत्या पॅकेजमध्ये मिळेल आणि ते कसे बसवावे, हे सांगितले जाते. गिटमध्ये आज्ञेचे नाव चुकले तर जवळचे नाव सुचविले जाते आणि सद्य:स्थिती विचारल्यास केलेला बदल मागे कसा घ्यावा, हेही त्याच उत्तरात मिळते. २००५ मध्ये आलेल्या फिश या शेलने पुढील आवृत्त्यांत माहितीपुस्तिकेतून आज्ञेचे पर्याय गोळा करून ते वर्णनासह दाखविण्याची सोय केली. मायक्रोसॉफ्टच्या २००६ मधील पॉवरशेलमध्ये अनेक आज्ञांना 'असे केल्यास काय होईल' हे आधी विचारता येते. प्रत्यक्षात काहीही न बदलता होणाऱ्या परिणामाचे वर्णन समोर येते. नॉर्मन यांनी १९८३ मध्ये मानवी चुकांच्या विश्लेषणातून रचनेचे नियम मांडताना कृती शक्यतो उलटविता याव्यात असा आग्रह धरला होता. एमएस-डॉस ५ मध्ये १९९१ साली काढलेली फाइल परत मिळविण्याची आज्ञा आली. युनिक्सच्या 'आरएम'ला असा परतीचा मार्ग आजही नाही. अशा स्थितीत कृतीपूर्वी परिणाम दाखविणे हा त्याचा जवळचा पर्याय ठरतो.

बोलणे म्हणजे पुष्कळ बोलणे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पॉवरशेलचे जुन्या आवृत्त्यांतील लाल अक्षरांतले लांबलचक चूक-संदेश नवशिक्याला 'ईडी'च्या प्रश्नचिन्हाइतकेच हतबल करीत. चांगल्या संदेशाने तीन गोष्टी सांगाव्यात : काय घडले, कोठे घडले आणि आता काय करता येईल. यापैकी तिसरी गोष्ट बहुतेक संदेशांत आजही नसते.

माहितीपुस्तिकेचा विचारही याच अंगाने करावा लागतो. युनिक्सची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये सिद्ध झाली. नाव, रूपरेषा, वर्णन अशी तिची ठरावीक मांडणी आजच्या 'मॅन' पानांतही टिकून आहे. 'बग्ज' या शीर्षकाखाली स्वत:च्या उणिवा प्रामाणिकपणे नोंदविण्याची तिची पद्धत आदरास पात्र आहे. परंतु ती जाणत्यासाठी लिहिलेली आहे. जोपर्यंत आज्ञेचे नाव ठाऊक नाही तोपर्यंत तिचे पान उघडता येत नाही आणि उघडले तरी उदाहरण क्वचितच सापडते. कोशाने व्याकरण शिकविता येत नाही, तशी ही गोष्ट आहे. नेहमीच्या उपयोगाची चार-सहा उदाहरणेच देणाऱ्या 'टीएलडीआर' पानांचा प्रकल्प पुढे उभा राहिला, तो ही उणीव जाणवल्यामुळेच.

मराठी विद्यार्थ्याचा संदर्भ

मराठी माध्यमातून बारावीपर्यंत शिकलेला विद्यार्थी जेव्हा या प्रणालीसमोर बसतो तेव्हा सुलभतेचा विचार साहजिकच भाषेकडे वळतो. आज्ञा मराठीत असाव्यात, ही सूचना अशा वेळी हमखास पुढे येते. तिच्यामागील तळमळ समजण्यासारखी आहे. परंतु वर पाहिलेल्या पुराव्याच्या प्रकाशात ही सूचना नावांच्याच आक्षेपात अडकलेली दिसते. 'सीपी' हे इंग्रजी भाषिकालाही शिकावेच लागते. ते इंग्रजी नाही. ती एक खूण आहे. गणितातील चिन्हे किंवा रसायनशास्त्रातील मूलद्रव्यांच्या संज्ञा मराठी माध्यमाचा विद्यार्थी जशा आत्मसात करतो तशाच या खुणा तो आत्मसात करू शकतो. आज्ञांचे मराठीकरण केल्यास जगभरातील पुस्तके, उदाहरणे आणि सहाध्यायी यांच्याशी असलेले त्याचे नाते मात्र तुटेल.

त्याची खरी अडचण उत्तराच्या भाषेत आहे. यंत्र क्वचित बोलते, आणि बोलते तेव्हा तुटक, तांत्रिक इंग्रजीत बोलते. इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी निदान त्या वाक्यावरून तर्क करतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी ते बोलणेही मौनच ठरते. म्हणून अनुवाद करायचा तो आज्ञांचा नव्हे, संदेशांचा. तांत्रिकदृष्ट्या याची व्यवस्था आहे. ग्नूच्या गेटटेक्स्ट या साधनाने कार्यक्रमाला हात न लावता संदेशांचे भाषांतर वेगळ्या फाइलीत ठेवता येते आणि लिनक्समध्ये मराठीसाठीचे स्थानिक मानकही उपलब्ध आहे. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांच्या मराठी अनुवादाचे मोठे काम स्वयंसेवकांनी आणि व्यावसायिकांनी केले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स आणले त्यातही भारतीय भाषांचा पुरस्कार होता. परंतु या प्रयत्नांचा भर मुख्यत: चित्रमय पडद्यावर राहिला. म्हणजे अनुवादाच्या क्षेत्रातही झाकण्याचाच उपाय श्रेयस्कर मानला गेला.

याला एक वास्तविक कारण आहे. टर्मिनलचा पडदा मूलत: ८० स्तंभ आणि २४ ओळी अशा समान चौकटींचा मानला गेला; एका चौकटीत एक अक्षर हा त्याचा नियम. देवनागरीला हा नियम मानवत नाही. 'स्थिती' हा शब्द घेतला तर युनिकोडमध्ये त्याची सहा चिन्हे होतात, वाचणाऱ्याला त्यात दोनच अक्षरे दिसतात, आणि पहिली वेलांटी उच्चारात नंतर येऊनही लेखनात आधी येते. किती चौकटी मोजायच्या याविषयी टर्मिनल आणि कार्यक्रम यांचे एकमत झाले नाही की ओळ विस्कटते आणि कर्सर भलत्या जागी दिसतो. तरीही ही अडचण दुर्लंघ्य मानण्याचे कारण नाही. डॉसच्या काळात, पडदा केवळ रोमन अक्षरांचाच जाणत असताना, आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे सी-डॅकने विकसित केलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने संगणकात एक कार्ड बसवून त्याच चौकटींत भारतीय लिपी उभ्या केल्या होत्या. अक्षरांच्या पडद्यावर देवनागरी आणण्याचा वारसा महाराष्ट्रातच आहे. त्याचा धागा पुढे चालविण्याची गरज आहे.

तंत्रज्ञानाची वाट न पाहता प्राध्यापकांना करता येण्याजोगे कामही थोडे नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत आज्ञांची यादी आणि त्यांचे अर्थ उतरवून घेण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ आहे. ही पद्धतही नावांच्या बाजूची आहे. तिच्या जोडीला प्रत्येक आज्ञेनंतर 'यंत्र काय म्हणाले, काय म्हणाले नाही, आणि काम झाले हे कसे पडताळावे' असा एक रकाना ठेवता येईल. 'सीपी'नंतर 'एलएस', डिरेक्टरी बदलल्यावर 'पीडब्ल्यूडी', 'आरएम'पूर्वी त्याच तारकाचिन्हासह 'एलएस' अशा पडताळणीच्या जोड्या शिकविल्यास विद्यार्थी मौनाचे भाषांतर स्वत: करू लागतो. नॉर्मन ज्याला स्पष्ट प्रतिमान म्हणतात ते अशा सवयींतून घडते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. नॉर्मन यांच्या टीकेतील नावांचा आक्षेप सर्वाधिक स्मरणात राहिला असला तरी तो तिचा दुबळा भाग आहे. सुसंगतीचा आग्रह योग्य असला तरी सर्वांना स्वाभाविक वाटेल असे नाव मिळणे शक्य नाही.

२. मौनाचा आक्षेप हा त्या टीकेचा टिकाऊ भाग होय. मौनामागे पाइपची सबळ गरज होती. परंतु माणूस आणि आज्ञा यांतील भेद यंत्राला करता येत असूनही तो केला गेला नाही.

३. झाकणे आणि नाव बदलणे हे उपाय नवशिक्याला कमांड लाइनच्या जवळ नेत नाहीत. चूक समजावणे, परिणाम आधी दाखविणे आणि परतीची वाट सुचविणे हे उपाय त्याला तिच्या जवळ नेतात.

४. मराठी विद्यार्थ्यासाठी आज्ञांपेक्षा संदेशांच्या आणि उदाहरणांसह माहितीपुस्तिकेच्या अनुवादाला अग्रक्रम मिळावयास हवा.

१९९४ मध्ये युनिक्सच्या विरोधकांनी एक उपरोधिक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची प्रस्तावना नॉर्मन यांनी लिहिली आणि विरोधी प्रस्तावना युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी लिहिली. टीकाकार आणि निर्माता एकाच पुस्तकाच्या उंबरठ्यावर उभे राहिले, ही या वादाची प्रौढ बाजू आहे. प्रणाली टिकली आणि टीकाही टिकली. आज ज्या लिनक्सवर महाविद्यालयांतील प्रात्यक्षिके चालतात ती त्याच परंपरेतील आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला 'सीपी' लिहून गोंधळलेल्या विद्यार्थ्याला मठ्ठ समजण्यापूर्वी, त्याने विचारलेल्या प्रश्नाला यंत्राने उत्तर दिले होते काय, हे आधी पाहिले पाहिजे.